बिनकामाचा पाहुणा

जरा डोळे मिटा बघू. डोळे मिटले तर पुढचं वाचायचं कसं, असं कोणीतरी हुशार विचारेलच. त्याने एकच डोळा मिटावा.

आता एक दार समोर आणा. लाकडी, जुनं, खालून जरा कुरतडलेलं. सकाळी त्याची कडी निघाली की रात्री निजानीज होईपर्यंत ते लागायचं नाही. येणारा माणूस दाराशी थांबून परवानगी मागायचा नाही. चपला काढता काढताच बोलायला सुरुवात करायचा आणि अर्धं बोलणं संपवूनच आत यायचा. दिवसाढवळ्या हे दार लागलेलं दिसलं, की शेजारपाजार धावत यायचा. 'काय हो, सगळं बरं आहे ना? कोणी आजारी नाही ना?'

दिसलं? छान. आता ते दार पुसून टाका आणि दुसरं आणा. जाड, राखाडी. मधोमध एक बारीक भिंग, आतून बाहेरचं बघायला. वर एक लोखंडी हात. आपण दार उघडून आत आलो, की हा हात मागून दार ओढून घेतो आणि 'फुस्स' असा आवाज करून लावून टाकतो. लांबलचक बोळात अशी दारंच दारं, सगळी एका चेहऱ्याची.

पहिल्या दारातून निघालेलं एक कुटुंब दुसऱ्या दाराआड राहायला आलं होतं. मधे समुद्र होते, रांगा होत्या, शिक्के होते. ते सगळं आपण सोडून देऊ. कोणी हौसेने घर सोडत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

कुटुंबात बाबा, आई आणि त्यांची मुलगी. सतत काहीतरी कुरतडत असायची म्हणून तिला खारू म्हणत. बाबा तिकडे एका लहान गावात पोस्टमास्तर होते. कचेरीसमोरून जाणारा माणूस आत डोकावल्याशिवाय पुढे जात नसे, पत्र येणार असो वा नसो. इथे ते औषधांच्या गोदामात खोक्यांवरचे नंबर तपासत. खोकी बोलत नाहीत. बाबांना इथली भाषा येत नव्हती असं नाही, पण त्यांचं वाक्य जुळून तयार होईपर्यंत समोरचा माणूस जेवायला निघून गेलेला असायचा.

आणि आई? आई दिवसभर घरात असायची आणि तिचे कान बोळात असायचे. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की भाजी ढवळणारा तिचा हात थांबायचा. पावलं जवळ यायची, पुढे जायची, कुठलंतरी दुसरं दार 'फुस्स' करायचं. मग हात पुन्हा ढवळू लागायचा. बाबांनी हे कितीदा तरी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी वर्तमानपत्र जरा वर धरलं होतं.

एका रविवारी आईने पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं, "ताईचा फोन होता. म्हणते, आमच्या शहरात या. तिथे आपली माणसं आहेत, दोन गल्ल्या भरून."

"आणि माझी नोकरी?" बाबा म्हणाले.

"खोकी तिथेही असतील."

घरमालकाला महिनाअखेर कळवायचं होतं, राहणार की सोडणार. ती तारीख आईच्या मनात होती, हे उघड होतं.

"मला आणखी एक नवी शाळा नको," खारू म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. आत्ता कुठे मुली तिला मधल्या सुट्टीत खेळायला घेऊ लागल्या होत्या. अजून दोरीवरच्या उड्या मारायला नाही, नुसती दोरी धरायला. पण दोरी धरायला मिळणं ही काही लहान बढती नव्हे. तुमच्यातल्या ज्यांनी ज्यांनी भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघितला असेल, त्यांना ते कळेल.

आईने लाटणं खाली ठेवलं. "मी मागते तरी काय? इथे आल्यापासून या दारातून आपल्याशिवाय कोणी आत आलंय का?"

"मीटर बघणारा आला होता की," बाबा म्हणाले.

"तो मीटरकडे आला होता, आपल्याकडे नाही. मला काम नसलेलं माणूस हवंय. येईल, बसेल, पंख्याकडे बघेल, 'बाकी काय म्हणता?' असं दोनदा विचारेल आणि 'निघतो, निघतो' म्हणत आणखी बसेल. असा एक जरी आला ना, तर मी इथे जन्म काढीन. नाही आला तर ताईकडे जाऊ."

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. "आणतो."

नवरा 'एवढंच ना' म्हणाला, की पुढे काय काय होतं, हे तुमच्या घरातल्या बायकांना विचारा.

बाबांनी आधी गोदामातल्या मुरलेल्या काकांचा सल्ला घेतला. हे काका त्यांच्याच मुलखातले, पण पुष्कळ वर्षांपूर्वी आलेले. 'मी इथे मुरलोय' हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. बरणीतून नुकतेच बाहेर काढल्यासारखे काका ते म्हणत.

"काका, तुम्हीच या ना आमच्याकडे."

"येऊ की! पुढच्या महिन्यातला तिसरा शनिवार, दुपारी चार ते साडेपाच. चालेल?"

"असं नाही हो. उगीच. सहज."

काका हसले. "अहो, इथे सहज कोणी कोणाकडे जात नाही. आधी फोन करायचा, मग तारीख घ्यायची, मग आदल्या दिवशी पुन्हा फोन करायचा. मी माझ्या सख्ख्या मुलाकडेसुद्धा तारीख घेऊन जातो." हे सांगताना काका हसतच होते, पण त्यांनी हातातलं खोकं उगाचच दुसऱ्या फळीवर ठेवलं आणि मग पुन्हा पहिल्या.

बाबांना घरी जाताना एकदम उपाय सुचला. माणसं येणार कशी? दार तर बंद! उघड्या दाराला नाही म्हणेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. संध्याकाळी दार सताड उघडं ठेवायचं, बस्स.

पहिल्या दिवशी त्यांनी दाराला डाव्या पायाचा बूट लावला. लोखंडी हाताने बूट थोडा वेळ दाबून पाहिला आणि मग असा भिरकावला, की तो पार लिफ्टपाशी जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी बटाट्यांची पिशवी लावली. पिशवी वजनाला भक्कम होती, पण शिवणीला नव्हती. बटाटे बोळभर पसरले. काही लिफ्टमध्ये शिरले आणि वरच्या मजल्यावर गेले.

थोड्या वेळाने दारात एक उंच माणूस उभा राहिला. बाबा लगबगीने पुढे झाले, "या, या! बसा!"

त्या माणसाने हात पुढे केला. हातात एक बटाटा होता. "हा आमच्याकडे आला होता," तो म्हणाला, मान लववली आणि गेला.

बाबांनी आशेने आईकडे पाहिलं.

"बटाटा द्यायला आला होता," आई म्हणाली. पंचाचा निकाल लागला होता.

तिसऱ्या दिवशी बाबांनी ठरवलं, की दुखण्याच्या मुळावरच घाव घालायचा. स्टुलावर चढून त्यांनी लोखंडी हाताचे स्क्रू काढायला घेतले. समोरच्या दाराच्या भिंगात अंधार झाला. त्या दाराआड एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहत. त्यांची सारी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती आणि निवृत्त झाल्यावर त्या माणसं तपासत. आईने त्यांचं नाव ठेवलं होतं तपासनीस बाई. बाईंचा डोळा भिंगाला लागला की ते काळं व्हायचं, एवढीच त्यांची आणि या कुटुंबाची ओळख.

शेवटचा स्क्रू निघाला आणि टुणकन उडून पलंगाखाली गेला. लोखंडी हात लोंबकळला, त्याच्या पोटातलं तेल बाबांच्या सदऱ्यावर आलं. बाबा जमिनीवर आडवे झाले आणि स्क्रू शोधू लागले. नेमक्या त्याच वेळी प्रथमोपचाराची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आत शिरली. समोरच्या बाईंनी फोन केला होता. शेजारचं दार तीन दिवस उघडं राहतंय, म्हणजे आत काहीतरी भयंकर झालंय!

आत खरोखरच एक गृहस्थ जमिनीवर पालथा पडलेला, सदऱ्यावर काळपट ओल. त्यांनी बाबांना उलटं केलं, उचललं, पट्टे आवळले आणि लिफ्टकडे निघाले. बाबा सांगत होते, "मी ठीक आहे," पण घाईत ते वाक्य आपल्याच भाषेत निघत होतं, त्यामुळे त्या दोघांना ते कण्हणं वाटत होतं.

खारू मागून धावली. "ते पडले नाहीत! ते शोधतायत!"

"काय शोधतायत?"

खारूने क्षणभर विचार केला. "पाहुणा."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाबांच्या डोक्याला मार लागलाय का, हे तपासायला बॅटरी काढली. मार काही सापडला नाही, तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घट्ट धरून, बोळातल्या झाडून सगळ्या भिंगांसमोरून, तिकडचे पोस्टमास्तर आडवे परत आले. समोरचं भिंग अजून काळंच होतं. बाबांना त्याच्याकडे बघून काहीतरी जळजळीत बोलायचं होतं, पण वाक्य जुळेना.

"दोघं आले होते," चहा देताना आई हळूच म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात इतक्या दिवसांनी काहीतरी हललं होतं. "पण कामाने आले होते."

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या कचेरीतून बोलावणं आलं. खिडकीमागच्या कारकुनाने बाबांना सांगितलं, की ती आग अडवणारी दारं आहेत, ती उघडी ठेवायची तर कारण दाखवून परवानगी घ्यावी लागेल. बाबा स्वतः जन्मभर खिडकीच्या त्या बाजूला बसलेले. या बाजूला उभं राहणं त्यांना आधीच जड जात होतं. कारकून फार भरभर बोलायचा, म्हणून खारू भाषांतराला होती.

"दार उघडं कशासाठी?"

"माणसं यावीत म्हणून."

"कोणती माणसं?"

"कोणतीही."

"किती वाजता?"

"वाटेल तेव्हा."

"आल्यावर काय करणार?"

"बसणार."

"त्यांना तुम्ही काय देणार?"

"चहा," बाबा अभिमानाने म्हणाले.

कारकुनाचे डोळे बारीक झाले. कोणतीही माणसं, वाटेल तेव्हा, बसणार, चहा. "म्हणजे हॉटेल," तो म्हणाला. "घरात हॉटेल काढायचं तर परवाना लागतो."

"बाबा, हे म्हणतायत विचार करून कळवतो," खारूने भाषांतर केलं. बाबांचा चेहरा आधीच इतका पडला होता, की खरं भाषांतर तिच्या जिभेवर आलंच नाही. मोठ्या माणसांची भाषा लहान मुलांना फार लवकर येते आणि ती कुठे लपवायची, तेही.

त्यामुळे दोन दिवसांनी चौकोनी बॅग घेतलेला निरीक्षक दारात उभा राहिला, तेव्हा बाबांना वाटलं, परवानगीच आली. निरीक्षक बूट काढून आत आला. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, फडताळ उघडलं, चार कप मोजून तोंड वाकडं केलं. एवढ्या कपांत हॉटेल चालत नाही, हे त्याला कळत होतं. मग तो खुर्चीवर टेकला.

टेकला! आईने पटकन चहा टाकला. निरीक्षक खिडकीकडे बघत होता. बाहेर समोरची इमारत होती आणि तिच्यावर उतरलेलं ऊन.

"आमच्याकडेही असंच ऊन यायचं," तो अचानक म्हणाला. "आईकडे. लहानपणी."

खारूने ते आपल्या भाषेत सांगितलं. आई दारात कप घेऊन उभी राहिली, जरासुद्धा हालचाल न करता, एखादी चिमणी हातावर बसावी तशी. बाबांनी मनातल्या मनात वाक्य जुळवायला घेतलं, 'बाकी काय म्हणता?' पण इथल्या भाषेत ते कसं म्हणायचं, ते सापडेना. 'बाकी' म्हणजे काय उरलंय, असा अर्थ व्हायचा. वाक्य जवळजवळ जुळत आलं आणि निरीक्षकाचा फोन वाजला. तो दचकून उठला. चहाकडे बघून म्हणाला, "कामावर असताना घेता येत नाही," आणि बूट अर्धवट घालून निघून गेला.

तो चहा आईने ओतून दिला नाही. तिने तो स्वतःच घेतला, त्याच खुर्चीवर बसून, आणि ऊन उतरेपर्यंत ती तिथेच बसून होती. बाबांनी निकाल विचारला नाही.

खरा तडाखा त्यानंतर बसला. शनिवारी उघड्या दारातून एक तरुण जोडपं हसत आत आलं. बायकोच्या हातात मोजपट्टी होती. बाबांनी "या, बसा" म्हणायच्या आत ती खिडकीपाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "निळे पडदे छान दिसतील."

घरमालकाच्या कानावर गेलं होतं, की ही माणसं बहुधा जागा सोडणार. त्याने पुढची माणसं बघायला पाठवली होती. जोडप्याला बिचाऱ्याला वाटलं, की दार त्यांच्यासाठीच उघडं ठेवलंय. खारूच्या अभ्यासाच्या जागी त्यांनी पाळणा ठेवून पाहिला, म्हणजे हवेत हाताने. खारू तिथेच बसलेली होती, पाळणा तिच्या डोक्यावर आला. तिने नुसतं पुस्तक जरा घट्ट धरलं. आणि बाबांनी मोजपट्टीचं दुसरं टोक धरून दिलं, कारण त्या तरुणीचा हात पुरत नव्हता आणि बाबा सभ्य होते. सभ्य माणसाला कधी कधी स्वतःलाच घराबाहेर काढायला मदत करावी लागते.

सोमवारी इमारतीचे व्यवस्थापक मिस्त्रीला घेऊन आले. नवा लोखंडी हात बसला, आधीपेक्षा जाड. व्यवस्थापकांनी दार उघडून सोडून दाखवलं. 'फुस्स'. पुन्हा उघडून सोडलं. 'फुस्स'. मग बाबांना करायला लावलं, पाढे म्हणून घ्यावेत तसं. "पुन्हा उघडं दिसलं तर आम्हाला घरमालकाला कळवावं लागेल," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी खारूला विचारलं, "तुला बंद दाराची भीती वाटते का?"

"नाही," खारू म्हणाली. "आईला नीट ऐकू येत नाही."

व्यवस्थापकांना ते समजलं नाही. त्यांनी सहानुभूतीने कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

महिनाअखेर आली. संध्याकाळी घरमालकाला फोन करायचा होता. आई खाली बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. बाबा तिच्यासमोर बसले होते आणि तिने गुंडाळलेलं भांडं उगाचच पुन्हा सोडून बघत होते.

"नीट गुंडाळलंय मी," आई म्हणाली.

"बघतोय."

"तुम्ही पुष्कळ केलंत हो." आईचा आवाज मऊ झाला. "स्ट्रेचरवरसुद्धा चढलात."

"चढवलं मला."

दोघंही हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यावर कुठेतरी हरवलं. बाबांच्या डोळ्यांपुढे तिकडची संध्याकाळ आली. काही विशेष नाही, नुसती संध्याकाळ. शेजारचे अण्णा दारातून आत येऊन, काही न बोलता, कोपऱ्यातला पेपर उचलून वाचत बसायचे. वाचून झाला की तसेच उठून जायचे. बाबांना त्यांचा किती राग यायचा! स्वतः पेपर घ्यायला काय होतं या माणसाला, असं ते आईला म्हणायचे. आणि आत्ता, या घटकेला, अण्णा येऊन त्या कोपऱ्यात बसले असते, तर बाबांनी जगातले सगळे पेपर त्यांच्यापुढे आणून टाकले असते.

बाहेर लिफ्ट थांबली. आईचा हात थांबला. पावलं आली, हळू, फरफटत, आणि समोर थांबली. किल्लीचा आवाज. 'फुस्स'. तपासनीस बाई बाहेरून आल्या होत्या.

"आई," खारू म्हणाली, "त्या बाईंकडे कोण येतं?"

"मला काय माहीत? कोणीच येत नाही वाटतं."

"मग आपण जाऊ या?"

"अगं, असं कसं जायचं? काय म्हणून जायचं? काम काय आपलं?" आईने कागद फाडला. "इथे सहज कोणी कोणाकडे जात नाही."

बाबांनी चमकून वर पाहिलं. हे वाक्य त्यांनी गोदामात ऐकलं होतं, अगदी असंच्या असं. आईलाही बहुतेक काहीतरी ऐकू गेलं, कारण तिने तो फाटका कागद हातातच धरून ठेवला.

तेवढ्यात 'फुस्स' झालं. खारू घरात नव्हती.

दोघं धडपडत भिंगापाशी गेले. भिंग एक आणि डोळे दोघांचे. आधी बाबांनी पाहिलं, मग आईने त्यांना कोपराने सारलं. "दिसतेय का? काय करतेय?" बाबांनी विचारलं.

"घंटी वाजवली."

समोरचं दार साखळीपुरतं उघडलं. बाईंचा घाबरा आवाज आला. "काय झालं? आग लागली? पाणी तुंबलं? वडील पुन्हा पडले?"

"नाही. सगळे बरे आहेत."

"मग काय हवंय तुला?"

"काही नको."

मग समोरचं दार लागलं.

बाबांना वाटलं, शिकवायला हवं होतं पोरीला, मुरलेल्या काकांसारखं, तारीख घेऊन जायला. आता ती परत येईल, मान खाली घालून, आणि आपण काय सांगायचं तिला? पण साखळी निघाल्याचा खणखणाट झाला, दार पुन्हा उघडलं, या वेळी पूर्ण, आणि खारू आत गेली. 'फुस्स'.

"गेली?" बाबा म्हणाले.

"गेली."

"आत?"

"आत."

थोडा वेळ दोघं बंद दाराला टेकून उभे राहिले. काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी आईला राहवेना. तिने पदराला हात पुसले, केस सारखे केले, पुन्हा हात पुसले. "मी जाते. तिला घेऊन येते."

बाबांनी दार उघडून धरलं. नवा लोखंडी हात जोरात ओढत होता, म्हणून त्यांनी पाठ लावली, पाय रोवले आणि ते तसेच उभे राहिले. नियमात दार उघडं ठेवायला बंदी होती, दारात माणूस ठेवायला नव्हती.

आईने घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं, तेव्हा त्या अगदी गोंधळलेल्या दिसत होत्या. "तुमची मुलगी काही मागत नाहीये," त्यांनी तक्रार केली. "मी पाणी विचारलं, बिस्किट विचारलं. ती नुसती बसलीय."

आईला सगळे शब्द कळले नाहीत. तक्रार कळली. "तिला न्यायला आले," ती आपल्या मोडक्या भाषेत म्हणाली.

बाई बाजूला झाल्या. दारातून बाबांना बाईंची खोली दिसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दाराला लागून, भिंगाच्या बरोब्बर खाली, एक लहान स्टूल होतं. त्यावरची उशी मधोमध दबून गेली होती. बाईंनी तिथे बसून बसून किती संध्याकाळी लिफ्टचा आवाज ऐकला असेल! पलीकडे भिंतीशी एक लांब सोफा होता. त्यावर चादर घातलेली, कडा घट्ट खोचलेल्या, एक सुरकुती म्हणून नाही. त्याच्या मधोमध खारू बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. ती पंख्याकडे बघत होती.

"चल," आई म्हणाली.

खारू हलली नाही. बाई आईकडे बघत होत्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं, इतक्या हळू, की बोळ ओलांडून बाबांपर्यंत ते पोचलंच नाही. पण त्यांनी आईची पाठ पाहिली. ती वळणार होती, आणि वळली नाही. तिचा एक पाय बाहेर होता, एक आत, आणि दोन्ही बायका आपापल्या जागी, काय करावं ते न कळून, उभ्या होत्या.

मग खारू सोफ्याच्या टोकाशी सरकली. चादरीची खोचलेली कड सुटली. मोकळ्या झालेल्या जागेवर तिने दोनदा हात थोपटला, एकदा आईकडे बघून आणि एकदा बाईंकडे बघून.